बायोफिजिक्सची बी.एस्सी. नाही, मग जायचं कसं?

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बँकांचे व्यवहार ज्यावर चालतात तसले प्रोग्रॅम लिहिते, तेव्हा विषय बरोबरच होता. पण त्यावर बोलणारे आपल्याच बॅचमध्ये सहा जण बसलेत आणि त्यांचे पगार माझ्यापेक्षा जास्त आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. मला जे जमलं नाही, त्याबद्दल बोलणार आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. बायोलॉजी तिनं दहावीनंतर सोडलेली. कोरोनाच्या काळात घरी बसून तिनं त्या विषाणूच्या काट्यांचं चित्र पाहिलं होतं, आणि हे चित्र कॅमेऱ्यानं काढलेलं नाही, गोठवलेल्या नमुन्यांच्या हजारो अंधूक इलेक्ट्रॉन-छायाचित्रांतून गणितानं उभं केलेलं आहे, हे तिला कुठंतरी वाचायला मिळालं. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. ती म्हणाली, “आत्या, मला बायोफिजिक्समध्ये जायचंय. पण सगळे म्हणायलेत की त्याची बी.एस्सी. लागती. आपल्याकडं तर कुठंच नाही ती.”

मी गप्प झाले. कारण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी माझा होता आणि मी त्याचं उत्तर चुकवलं होतं.

आधी हा विषय काय आहे ते सांगते, नाहीतर मागच्या रांगेतले मोबाइल बाहेर काढतील. मराठीत त्याला जीवभौतिकी म्हणतात. आपल्या मोंढ्यात हळदीची पोती उचलणारे हमाल तुम्ही रोज बघता. तसाच एक हमाल तुमच्या प्रत्येक पेशीत आहे. त्याचं नाव कायनेसिन. हे एक प्रथिन आहे, दोन पायांचं. पेशीतल्या दोरीवरून ते माल डोक्यावर घेऊन अक्षरशः चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सव्वा लाख पावलं. प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च होतो, ती त्याची मजुरी. बायोलॉजीवाला विचारतो, हा हमाल कोणता माल कुठे नेतो? बायोफिजिक्सवाला विचारतो, तो किती जोर लावतो, मजुरीतली किती ऊर्जा कामाला लागते आणि किती उष्णता होऊन वाया जाते? जोर साधारण ६ पिकोन्यूटन. जोर गुणिले पाऊल, ४८. एटीपीतून मिळतात साधारण ८०. म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा कामी येते. आपल्या मोटारसायकलच्या इंजिनाला हे जमत नाही.

आता माझी गोष्ट. दहावीला आपण परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. मी तोवर नांदेडला इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंग करत होते. तिसऱ्या वर्षाला एका व्याख्यानात मी जीवभौतिकीबद्दल पहिल्यांदा ऐकलं आणि वेडी झाले. आठ महिने बायोलॉजीची जाडजूड पुस्तकं पाठ केली. गेट दिली. २००१ मध्ये एका मोठ्या संस्थेत पीएचडीच्या मुलाखतीला बोलावणं आलं. संस्थेचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा नव्हताच.

समोर पाच जण. एकानं विचारलं, “बॅक्टेरिया पाण्यात पोहतोय. त्यानं शेपटी हलवायची थांबवली, तर तो किती अंतर पुढे घसरत जाईल?” मी एटीपी कसं तयार होतं ते सांगायला लागले. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमच्या विषयात रेनॉल्ड्स नंबर असतो ना?”

असतो की! पाइपमधून पाणी किती वाहतं ते मोजायची उपकरणं हा तर आमचा विषयच. पाइपमध्ये तो आकडा दोन-अडीच हजारांच्या वर गेला की प्रवाह खळबळतो, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तोच आकडा बॅक्टेरियाला लावायचा हे मला सुचलं नाही. बॅक्टेरियासाठी तो एकाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी येतो. म्हणजे इतक्या लहान जिवाला पाणी हे पाणी नसतंच, ते काकवीपेक्षाही घट्ट असतं. शेपटी थांबली की तो जागच्या जागी थांबतो. घसरण्याचं अंतर एका अणूच्या व्यासाहूनही कमी. एडवर्ड पर्सेल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये हे मोठ्या गमतीनं मांडलं होतं. त्यांनी मला माझ्याच विषयातला प्रश्न विचारला होता आणि मी दुसऱ्याच्या विषयातलं पाठांतर म्हणून दाखवत होते.

निवड झाली नाही. घरी दोन लहान भावंडं, त्या वर्षी कापसानं दगा दिलेला. पुण्यात नोकरी मिळाली, मी गेले. दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही, ही गोष्ट मात्र माझी मला लागून राहिली.

बायोफिजिक्सची बी.एस्सी. नाही हा अडथळा वाटतो, पण ज्यांनी हा विषय आपल्या देशात उभा केला त्यांच्याकडे तरी ती कुठे होती? जी. एन. रामचंद्रन १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला. तिथून ते सी. व्ही. रामन यांच्याकडे भौतिकशास्त्रात आले. पुढे मद्रासला त्यांनी कोलॅजेनची रचना शोधली. आपली कातडी, हाडं, स्नायूंना बांधणारे कंडरे ज्या प्रथिनाचे, ते तीन पेडांच्या वेणीसारखं गुंफलेलं असतं. १९६३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नकाशा छापला. प्रथिनाची साखळी प्रत्येक कडीपाशी दोन ठिकाणी वळू शकते. ती कुठल्या कोनात वळेल आणि कुठल्या कोनात अणू एकमेकांवर आदळतील, याचा तो नकाशा. आज जगात कुणीही प्रथिनाची नवी रचना काढली की ती आधी ‘रामचंद्रन प्लॉट’वर तपासतात. बंगळुरूतलं मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट त्यांनीच १९७१ मध्ये उभं केलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर शेखर मांडे. नागपूर विद्यापीठातून फिजिक्सची एम.एस्सी., मग बंगळुरूच्या त्याच संस्थेत मॉलिक्युलर बायोफिजिक्समध्ये पीएचडी. प्रथिनांच्या रचनांवर काम केलं, २००५ चा भटनागर पुरस्कार मिळाला तो जीवशास्त्रासाठी, आणि पुढे ते सीएसआयआरचे महासंचालक झाले. मुंबईत टीआयएफआरला आणि नंतर आयआयटीत काम करणारे रूप मल्लिक हेही मूळचे भौतिकशास्त्राचे. मघाशी सांगितलेल्या कायनेसिनसारख्या हमालांना लेझरच्या चिमट्यात धरून त्यांचा जोर मोजणं हे त्यांचं काम.

लेझरचा चिमटा म्हटल्यावर आपल्या औंढ्याची आठवण झाली. लायगो प्रकल्पाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, २६०० कोटींची. तुमच्यातल्या काहींना वाटतं ते फक्त तारे बघणाऱ्यांचं काम. पण चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेझर सोडून प्रकाशाच्या लाटा एकमेकींवर घालायच्या आणि अतिसूक्ष्म हालचाल पकडायची, ही जी युक्ती, तीच युक्ती, मायक्रोस्कोपच्या आकारात, कायनेसिनचं ८ नॅनोमीटरचं पाऊल १९९३ मध्ये पहिल्यांदा मोजताना वापरली गेली होती. तेव्हा औंढ्याची बस धरून सहलीला जाल तेव्हा हेही डोक्यात असू द्या.

तर भाचीचा फोन. मी उत्साहात काय केलं? पुण्याहून तिला पेशीविज्ञानाचं हजारावर पानांचं इंग्रजी पुस्तक पाठवलं आणि म्हटलं, पहिल्या पानापासून सुरू कर. म्हणजे जी चूक मी केली होती तीच तिच्याकडून करवून घेतली! तिसऱ्या प्रकरणात ती अडकली, फोन टाळायला लागली. दिवाळीला घरी गेले तेव्हा पुस्तक कपाटावर, त्यावर हळदीच्या बेण्याची पिशवी.

मग आम्ही उलटं सुरू केलं. रोज रात्री एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर आकड्यात द्यायचं. पहिला प्रश्न मला अजून आठवतो. पाठीच्या कण्यापाशी तयार झालेला रेणू पायाच्या अंगठ्यापर्यंत नुसता पसरत-पसरत, साखर पाण्यात पसरते तसा, किती वेळात पोचेल? सूत्र सोपं आहे, पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एका बॅक्टेरियाच्या आत, म्हणजे एक मायक्रोमीटर, लहान रेणूला हजारांश सेकंदही लागत नाही. पण मीटरभर नसेसाठी हिशेब केला तर उत्तर येतं साधारण १६ वर्षं! भाचीला वाटलं गणित चुकलं. तीनदा केलं. मग म्हणाली, “आत्या, म्हणून हमाल लागतो.” कायनेसिन सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर चालतं, त्याला मीटरभर जायला बारा दिवस पुरतात. त्या रात्री तिनं ते पुस्तक कपाटावरून स्वतः काढलं. कायनेसिनचं प्रकरण शोधलं, तेवढंच वाचलं.

पुढची दीड वर्षं अशीच गेली. मी तिला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. फिजिक्स सोडायचं नाही. माहेर एकच असू द्यावं, सोयरिकी हव्या तितक्या कराव्यात. फिजिक्सवाल्यानं उष्मागतिकी आणि सांख्यिकी भौतिकी पक्की करावी, कारण पेशीत सगळं चालतं ते रेणूंच्या धक्काबुक्कीतच. गणितात डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स आणि संभाव्यता, एवढं हाताला यावं. केमिस्ट्रीत आम्ल-अल्कली, हायड्रोजन बंध, आणि तेल पाण्याला का टाळतं हे नीट समजावं. हे शेवटचं समजलं की प्रथिन आपोआप घडी का घालतं ते अर्धं कळतं. वीस अमिनो आम्लं तिनं तोंडपाठ केली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद लावून. पाठांतराचं काम तेवढंच होतं. बायोलॉजीसाठी अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं आधी, ती फुकट मिळतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. बायोलॉजीकडून येणाऱ्यांनी हे सगळं उलट्या बाजूनं करावं. त्यांना गणित जड जाईल, पण अंगाला झोंबणारा तो भाग टाळून चालत नाही.

प्रोग्रॅमिंगचं काय, असं मला सगळे विचारतात. पायथॉन शिका, पण त्याचं कौतुक वाढवू नका. हे मी, चोवीस वर्षं त्याच धंद्यातली बाई, सांगतेय. प्रोटीन डेटा बँक नावाचा संग्रह आहे, १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झाला, आज दोन लाखांवर रचना आहेत आणि कुणालाही फुकट. भाचीनं आमच्या गावच्या लोडशेडिंगमध्ये, मोबाइलच्या नेटवर, इन्सुलिनची रचना उतरवून घेतली, स्वतः छोटा प्रोग्रॅम लिहिला, तिचे कोन काढले आणि रामचंद्रन यांचा नकाशा स्वतः काढला. तिचे बहुतेक ठिपके जिथे पडायला हवे तिथेच पडले. दोन बाहेर पडले. तो एक महिना तिनं त्या दोन ठिपक्यांवर घालवला. त्यातला एक ग्लायसिन निघाला. सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, त्याला बाजूची साखळीच नाही म्हणून ते कुठंही वळू शकतं. दुसरा ठिपका तिच्या प्रोग्रॅममधली चूक होती. हा उद्योग पुढे तिच्या फार कामाला आला.

प्रयोगशाळा ही खरी अडचण. आपल्याकडच्या कॉलेजात यासाठीची उपकरणं नाहीत, त्यात प्राध्यापकांचा काही दोष नाही. उलट तिच्या फिजिक्सच्या सरांनी सुट्टीत प्रयोगशाळा उघडून दिली. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस अर्ज घेते. पहिल्या वर्षी तिला नाही मिळाली. दुसऱ्या वर्षी मिळाली. तिथे दोन महिन्यांत तिनं काय केलं? पिपेट धरायला शिकली, आणि तीन आठवडे तिचे नमुने खराब होत राहिले. परत आली तेव्हा मला म्हणाली, कागदावर सगळं सोपं होतं. मला बरं वाटलं. ज्यांच्या हाताखाली तिनं ते दोन महिने काढले त्यांनी नंतर शिफारसपत्र दिलं, आणि त्या पत्रात त्यांनी खराब झालेल्या नमुन्यांचाही उल्लेख केला होता म्हणे.

आता घरातली लढाई. माझा भाऊ, तुमच्यातले बरेच जण त्याला ओळखता, हळद आणि सोयाबीन करतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. “ताई, बी.एड. केली असती तर आतापर्यंत नोकरीला लागली असती. अजून पाच-सहा वर्षं शिकायचं, अन् पैसा कोण देणार?” हा प्रश्न चुकीचा नाही. मुलीच्या लग्नाचं वय, शेतीचं कर्ज, सगळं त्या प्रश्नात होतं. मी त्याला सांगितलं, पीएचडीला फी भरायला घरून पैसे न्यायचे नसतात. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे शिकायचा पगार देतात?” हे त्याला, आणि आपल्या गावातल्या किती जणांना, आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज मी ते इथे माइकवर सांगतेय. पण हेही सांगते, की पीएचडीनंतर कायमची नोकरी मिळायला वर्षं लागतात आणि ती मिळेलच असं नाही. भावाला हेही सांगितलं होतं.

दरवाजे कुठले, ते भराभर सांगते. मुंबई विद्यापीठात बायोफिजिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे एम.एस्सी. होते. फिजिक्सच्या वाटेनं जाणाऱ्यांना नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएसची जीवशास्त्र आणि आंतरशाखीय विषयांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, तिच्यात फिजिक्स-गणिताचेही प्रश्न येतात, म्हणून आपल्यासारख्यांना घाबरायचं कारण नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडीला चालते. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा माझ्या भाषणावर विसंबू नका, त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचा.

भाचीनं नांदेडला विद्यापीठात फिजिक्सची एम.एस्सी. केली. पहिली मुलाखत गेल्या वर्षी झाली, निवड झाली नाही. ती रात्रीच्या गाडीनं परत आली आणि दोन दिवस बोलली नाही. मला २००१ आठवलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच फळ्यावर त्यांचे प्रश्न लिहून बसली. मी तेव्हा हे केलं नव्हतं. मी प्रश्न विसरायचा प्रयत्न केला होता.

यंदा दुसऱ्या एका संस्थेत बोलावणं आलं. तिनं रामचंद्रन नकाशाचा उद्योग सांगितला. त्यांनी विचारलं, दुसरा ठिपका बाहेर का पडला? “माझी चूक होती,” म्हणाली, आणि फळ्यावर कोन मोजताना चिन्ह कुठे उलटं पडलं ते दाखवलं. नंतर एक हिशेब करायला दिला, त्यात ती दहापटीनं चुकली, ओरडून म्हणाली “थांबा सर, हे शक्यच नाही,” आणि पुन्हा केला. तिची निवड झाली. ऑगस्टपासून ती तिथे आहे. आज येणार होती, पण तिचे नमुने म्हणे शनिवारीच मोजायचे असतात.

माझं काय, असं मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, पीएचडीला जाणार नाही. पण रात्रीचे प्रश्न अजून चालू आहेत. आता ती मला विचारते.

शेवटी मागच्या रांगेसाठी. जेवणानंतर मी जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत थांबणार आहे. नोटा तपासायचा निळा दिवा सोबत आणलाय, आणि सॅनिटायझरची बाटली. आपल्या वसमतची हळद पाण्यात कालवून त्या दिव्याखाली धरा, फारसं काही दिसणार नाही. तीच चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये टाका, हिरवट-पिवळी उजळेल. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि मिळालेली ऊर्जा उजेड न देताच गमावून बसतं, अल्कोहोलमध्ये तसं होत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला ते चिकटलं तरी उजळतं, आणि त्या उजेडावरून ते किती घट्ट चिकटलं हे मोजता येतं. जीवभौतिकीच्या प्रयोगशाळांत हे रोज चालतं. दिवा एकच आहे, म्हणून दहा-दहा जणांनी या. हळद स्वयंपाकघरातून मागून घ्या, मावशींना सांगून ठेवलंय.